तीन अक्षरं कमी

बसा. घाई नाही.

रायपूर शहर मागे पडतं आणि धानाची शेतं लागतात. भाद्रपद सरत आला आहे. बांधापर्यंत पाणी आहे, पाण्यात आभाळ आहे. गावाच्या तळ्यात म्हशी डुंबताहेत. शिंगं आणि नाकपुड्या तेवढ्या वर.

एक म्हैस काठावरच उभी आहे.

तिच्याकडे बघा. डोळ्यांतलं पाणी गालावर ओघळून वाळलं आहे. पाठीचा कणा वर आला आहे. मागचे पाय खुरांच्या वर सुजले आहेत. दूध आटलं आहे. गुरं राखणारा राऊत सांगतो, मधे अंग तापलं होतं, मग उतरलं, आज पुन्हा तापलं आहे.

अजून काही करू नका. नुसतं बघा.

तिच्या पाठीवर एक गोमाशी बसते. गोमाशी चावली की दुखतं. कातडी थरथरते, शेपूट फिरते, माशी उठते. तिचं पोट भरलेलं नाही. ती शेजारच्या म्हशीवर जाऊन बसते.

तिचं तोंड अजून ओलं आहे.

तेवढ्या ओलाव्यातून कुणीतरी या जनावरातून त्या जनावरात जातं. काही मिनिटांचा प्रवास. ओलावा सुकला की प्रवास संपला.

त्याला भेटायचं आहे. त्यासाठी थेंबभर रक्त पुरे.

*

कानाच्या कडेला बारीक शीर असते. पशुवैद्य ती जागा स्पिरिटनं पुसतात. वाळू देतात. सुई टोचतात.

रक्त लगेच येत नाही. क्षणभर काहीच नसतं.

मग गोल, गडद थेंब वर येतो.

त्या थेंबापाशी थांबा. तो काळ्या कातडीवर कसा उभा आहे ते बघा. त्याच्या माथ्यावर उजेडाचा एक कण आहे. तो पसरत नाही, ओघळत नाही. स्वतःला धरून आहे.

आज आपण या थेंबापासून दूर जाणार नाही. मधे वाट लांब वाटली तरी थेंब हाच.

तो काचेवर उतरतो. वर पातळ कव्हरस्लिप. थेंब दोन काचांमध्ये पसरतो आणि त्याची लाली उतरते.

डोळा सूक्ष्मदर्शकाला लावा. दुसरा डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवले की बराच वेळ बघता येतं.

आत लाल काही दिसत नाही. एकेकटी रक्तपेशी फिकट पिवळी असते, जेमतेम रंग असलेली. हजारो जणी एकमेकींवर आल्या की मग त्या लाल होतात.

काच हळूच सरकवा. पेशी. आणखी पेशी. गोल, शांत, एकमेकींना चिकटून.

काही नाही.

पुन्हा सरकवा.

काही नाही.

बरेचदा असंच होतं. गाईम्हशींच्या रक्तात तो इतका विरळ असू शकतो की एका थेंबात सापडतच नाही. जनावर आजारी असतं आणि काच रिकामी असते. चांगला पशुवैद्य त्या रिकाम्या काचेसमोर बसून राहतो. नवा थेंब घेतो. पुन्हा बघतो. मला या बसून राहण्याबद्दल फार आदर आहे.

श्वास घ्या. सोडा. बघत राहा.

आता एका कोपऱ्यात पेशी हलल्या.

वारा नाही, काच कुणी हलवली नाही. तरी दोन पेशी बाजूला झाल्या, तिसरी वळली. तो अजून दिसलेला नाही. त्यानं ढकललेल्या पेशी दिसताहेत.

तिथेच थांबा. नजर सैल सोडा.

हळूहळू आकार उमटतो. पारदर्शक, निमुळतं अंग. एका कडेनं लहरत जाणारा पातळ पडदा. टोकाला सुटा दोरा. दोरा पुढे, अंग मागे, तो असाच पोहतो. लांबी साधारण मिलिमीटरचा चाळिसावा भाग, म्हणजे शेजारच्या रक्तपेशीच्या चौपट.

ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. सर्रा रोगाचा परजीवी.

त्याला नीट बघा. त्याचा राग येईल, येऊ द्या. मग राग जरा बाजूला ठेवा आणि त्याचं वळणं बघा. एक क्षणही तो स्थिर नाही.

*

अशाच एका काचेसमोर ग्रिफिथ इव्हान्स बसले होते. वेल्समधले पशुवैद्य. १८८० साल, तेव्हाच्या पंजाबातलं डेरा इस्माईल खान. घोडे आणि उंट झुरून मरत होते. इव्हान्सनी त्यांचं रक्त काचेवर घेतलं आणि ही वळवळ पाहिली.

रोगाचं कारण हेच, असं ते म्हणाले. वरिष्ठांना ते पटलं नाही. रक्तातले असले जीव निरुपद्रवी असतात असा तेव्हा समज होता.

इव्हान्स शंभर वर्षं जगले, १९३५ पर्यंत. तोवर जगाला पटलं होतं. परजीवीला त्यांचंच नाव मिळालं होतं.

उंट, घोडा, गाय, म्हैस, कुत्रा, हत्ती. २००० साली भुवनेश्वरजवळच्या नंदनकाननात वाघसुद्धा. हा इतक्या अंगांमधून वाहतो.

थेंबापाशी या.

*

आता म्हशीच्या तापाकडे लक्ष द्या.

ताप चढतो. उतरतो. काही दिवस बरं वाटतं. पुन्हा चढतो.

या लयीवर मन ठेवा. चढणं. उतरणं. मधली शांतता.

शांततेत काय घडतं?

परजीवीच्या अंगावर एक आवरण असतं. एकाच प्रकारच्या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू, दाटीनं उभे. म्हशीचं शरीर ते आवरण ओळखायला शिकतं. त्यावर नेम धरून प्रतिपिंडं बनवतं. परजीवी लाखांनी मरतात. ताप उतरतो.

पण त्या लाखांत एखाद्यानं आवरण बदललेलं असतं.

शरीर त्याला ओळखत नाही. तो वाढतो. ताप चढतो.

ही आवरणं येतात कुठून? बाहेरून नाही. ती त्याच्या आत लिहिलेली आहेत, चार अक्षरांत: ए, टी, जी, सी. त्याच्या जनुकसंचात.

याचा आफ्रिकेतला सख्खा नातेवाईक म्हणजे ट्रिपॅनोसोमा ब्रुसी. त्याची अक्षरं २००५ साली वाचून झाली. सुमारे दोन कोटी साठ लाख अक्षरं, नऊ हजारांच्या आसपास जनुकं. त्यातली आवरणांची जनुकं वेगळी काढून तपासली. ८०६ तपासली, त्यांतली धड निघाली ५७.

बाकीची तुटकी. कुणाचा आरंभ नाही, कुणाचा शेवट नाही, कुणाच्या मधेच खंड.

जरा थांबा इथे.

इतकी मोडकी जनुकं तो बाळगतो. आणि ती वाया जात नाहीत. जुन्या लुगड्यांची धडुती जोडून गोधडी शिवावी, तसे या तुकड्यांचे जोड लागतात आणि कधीच नव्हतं असं आवरण तयार होतं. म्हशीच्या शरीरानं आधी ते पाहिलेलं असणं शक्यच नाही.

ताप उतरलेल्या त्या काही दिवसांत, राऊत सुटकेचा श्वास टाकतो तेव्हा, आत ही जोडाजोड चाललेली असते.

ते ऐकू येत नाही. तरी कान द्या.

*

ही अक्षरं वाचतात कसं?

आपला थेंब पुन्हा समोर घ्या. त्यात कितीतरी लाल पेशी आहेत. म्हशीच्या असोत वा तुमच्या, लाल पेशींना केंद्रक नसतं. म्हणजे त्यांच्यात अक्षरंच नाहीत. थेंबाचा सगळा रंग ज्यांचा, त्यांच्यात वाचण्यासारखं काही नाही.

पांढऱ्या पेशींत मात्र आहे. एकेका पांढऱ्या पेशीत म्हशीची अडीच अब्जांहून जास्त अक्षरं. त्या महापुरात परजीवीची दोन-तीन कोटी अक्षरं बुडून जातात.

म्हणून आधी त्याला वेगळं करावं लागतं.

एक काचेची नळी मनात उभी करा. आत पांढरा, ओला भुगा, सेल्युलोजचा, धन विद्युतभार दिलेला. वरून रक्त सोडतात. रक्तपेशींवर ऋण भार जास्त, त्या भुग्याला धरून बसतात. परजीवीवर कमी, तो सुटून खाली येतो. १९६८ साली शीला लॅनहॅम यांनी ही वाट दाखवली.

नळीच्या खालच्या टोकाकडे बघा.

थेंब जमतो. फुगतो. पडतो.

तो आता लाल नाही. पाण्यासारखा आहे. आत फक्त तेच, वळवळणारे.

पुढचा थेंब जमतो.

या कामात घाई चालत नाही. हात थांबायला शिकतो. रायपूरजवळ बरोंड्याला पिकं-जनावरांवरच्या जैविक संकटांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिचा परिसर सप्टेंबर २०२१ मध्ये देशाला अर्पण झाला. दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी काम करणाऱ्या मुलामुलींचा दिवसातला मोठा भाग थेंब पडायची वाट बघण्यात जातो. या वाट बघण्याची नोंद कुठल्या शोधनिबंधात नसते. निबंध मात्र तिच्यावरच उभा असतो.

आता पेशी फोडतात. आतला धागा मोकळा होतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक.

वाचायच्या पद्धती अनेक आहेत. एकीपाशी जरा बसू.

एक पातळ पडदा. त्यात काही नॅनोमीटरचं छिद्र. छिद्रातून विजेचा अगदी मंद प्रवाह वाहतो आहे. धाग्याचं टोक छिद्रापाशी येतं, आत शिरतं, सरकू लागतं. छिद्रात जी अक्षरं असतील तसा प्रवाह किंचित कमी होतो, किंचित वाढतो.

यंत्र अक्षर बघत नाही. ते प्रवाहाचा हा बदल टिपतं. सेकंदाला चारशेच्या आसपास अक्षरं.

तुम्ही एक श्वास घ्या. सावकाश.

तेवढ्यात हजारभर अक्षरं सरकून गेली.

*

सर्राच्या परजीवीचा जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला. चीनमधल्या एका म्हशीतून घेतलेला वाण होता तो. अक्षरं वाचली, आफ्रिकेतल्या नातेवाइकाच्या अक्षरांशेजारी ठेवली.

दोन्ही जवळजवळ सारखी.

मग जे नाही, तिकडे लक्ष गेलं.

तिकडेच बघा. नसलेलं बघायला वेळ लागतो. डोळा भरलेल्या जागेकडे धावतो. त्याला परत आणा.

आफ्रिकेतल्या नातेवाइकाच्या अंगात, केंद्रकापासून दूर, अक्षरांचा आणखी एक पुंजका असतो. एकमेकींत गुंतलेल्या कड्या. हजारो लहान, मोजक्या मोठ्या. मोठ्या कड्यांत ऊर्जेच्या कामाची जनुकं असतात. तिथे त्याला जनावरांत पोचवणाऱ्या त्सेत्से माशीच्या आतड्यात जगायचं तर ती लागतातच.

सर्राच्या परजीवीत त्या मोठ्या कड्या नाहीत.

कधीतरी गळून गेल्या. अक्षरं तपासली तर दिसतं की ही गळती एकदाच झाली नाही, वेगवेगळ्या वेळी अनेकदा झाली.

ज्याच्या कड्या गेल्या त्याला त्सेत्से माशीत वाढता येईना. आणि त्सेत्से तर आफ्रिकेतच राहते. घर बंद झालं, असं वाटेल.

पण रक्तातून रक्तात जायला आतडं लागत नाही. ओलं तोंड पुरतं. ओलं तोंड कुठल्याही चावऱ्या माशीचं असू शकतं. आफ्रिकेच्या बाहेर, उंटांच्या तांड्यांबरोबर, घोड्यांबरोबर, आशियाभर, या तळ्याच्या काठापर्यंत.

जे गेलं, त्याच्या जाण्यातून तो इथे आला.

याच्यावर काही बोलू नका. थोडा वेळ नुसतं राहू द्या.

*

आणखी एक नसलेलं आहे. फार लहान.

आधी स्वतःच्या श्वासाकडे या. छाती वर. छाती खाली. हा प्राणवायू तुमच्या पेशींत जिथे पोचतो तिथे एक सूक्ष्म यंत्र आहे. त्यात गॅमा नावाचा दांडा असतो आणि तो खरोखर गरगर फिरतो. आत्ताही, हे वाचताना, तुमच्या अंगात असे असंख्य दांडे फिरताहेत.

परजीवीतही तो दांडा आहे. त्याचा आराखडा केंद्रकातल्या अक्षरांत आहे, पण यंत्राचा एक जोडीदार भाग त्या गळून गेलेल्या मोठ्या कड्यांत लिहिलेला होता. कड्या गेल्या, भाग गेला. एवढ्यावर त्यानं मरायला हवं होतं.

चीनमधल्या म्हशीतल्या त्या वाणाच्या गॅमा दांड्याचं जनुक उघडलं. एकेक अक्षर पुढे जा. ए. सी. जी. टी. दांडा दोनशे ऐंशी अमिनो आम्लांपर्यंत ठीक आहे. दोनशे एक्याऐंशीव्या जागी ॲलनिन हवं.

ते नाही.

तीन अक्षरं कमी आहेत. दोन कोटींहून अधिक अक्षरांतली तीन.

आणि तेवढ्यानं दांडा वेगळा वागतो. जोडीदार भागाशिवाय काम निभावतो. मोठ्या कड्या गमावलेला जीव या तीन अक्षरांच्या कमीपणावर तरून जातो.

बोट ठेवा त्या जागेवर, मनातल्या मनात. आधीचं अक्षर. मग नंतरचं. मधे काही नाही.

मला या कामात सर्वांत जवळची वाटते ती ही जागा. कुणीतरी इतकं सावकाश वाचलं की नसलेलं अक्षरही त्याला दिसलं.

*

रायपूरहून रेल्वेनं नागपूरला या, तिथून दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात. तिथेही धान, तिथेही तळी, तिथेही गुरं.

२००४ साल. एका शेतकऱ्याला ताप येतो आहे. चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. महिनोन्‌महिने.

ही लय तुम्ही ओळखता.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्याच्या रक्ताचा थेंब काचेवर येतो. कुणीतरी डोळा लावतं. पेशी. पेशी. मग ते निमुळतं अंग.

माणसाच्या रक्तात.

हे व्हायला नको होतं. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, एपीओएल-१. परजीवी ते गिळतो, त्याच्या आत भोकं पडतात, तो फुगतो आणि फुटतो. म्हशीकडे हे प्रथिन नाही, गाईकडे नाही. आपल्याकडे आहे. म्हणून गोठ्यात आयुष्य काढूनही माणसाला सर्रा होत नाही, असंच सर्वांना वाटत आलं होतं.

ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेत त्याची अक्षरं वाचली. परजीवीची नाही, या वेळी माणसाची.

त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पहिल्या प्रतीत चूक. दुसऱ्या प्रतीतही चूक, वेगळ्या जागी. त्याच्या रक्तात ते प्रथिन नव्हतंच.

रक्तद्रवात बाहेरून ते प्रथिन मिसळून पाहिलं. परजीवी फुटू लागले. २००६ साली हे प्रसिद्ध झालं.

तो माणूस सुरामिन या जुन्या औषधानं बरा झाला. जागतिक आरोग्य संघटनेकडून ते मिळालं.

आता दोन्ही शेजारी धरा. घाईनं अर्थ काढू नका.

परजीवीत तीन अक्षरं कमी. म्हणून तो जगला.

माणसात एक प्रथिन कमी. म्हणून परजीवी आत आला.

दोन रिकाम्या जागा एका थेंबात भेटल्या.

*

श्वास घ्या. सोडा.

अजून एका ठिकाणी थोडा वेळ बसायचं आहे, त्या शेतकऱ्याच्या गावात.

लोक रांगेत उभे आहेत. बोटाला टोचलं जातं, थेंब येतो, पुढचा माणूस पुढे सरकतो. म्हातारी माणसं, पोरंसोरं, शेतावरून तशीच आलेली माणसं. १,८०६ जण.

४१० जणांच्या रक्तानं पहिल्या चाचणीत खूण दाखवली: या परजीवीला ओळखणारी प्रतिपिंडं. अधिक काटेकोर तपासणीत ८१ उरले. त्यांतल्या ज्यांची खूण सर्वांत ठळक होती अशा साठ जणांचं रक्त परजीवीसाठी शोधलं.

एकातही परजीवी सापडला नाही.

एकातही नाही. हे रिकामपण बघा. आधीच्या रिकाम्या काचेसमोर काळजी होती. इथे तुम्हाला काय वाटतं ते ऐका.

ही प्रतिपिंडं खरोखर त्याच्याच भेटीची असतील, तर त्या माणसांना ती भेट कळलीही नसेल. धान लावताना मानेवर गोमाशी चावली असेल. आजारी बैलाची जखम धुताना हाताच्या चिरेत रक्त गेलं असेल. आतलं प्रथिन आपलं काम करून मोकळं झालं असेल. मानेवर हात मारला, चिखलात बोटं खुपसली, पुढचं रोप लावलं.